तालुकदारणीची चूल

ताडकळसच्या भरल्या बाजारात सटवाजी मिस्त्रीच्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि ते परत गिळायला त्याला पुढचा अख्खा आठवडा पुरला नाही. वाक्य असं होतं : "येत्या आईतवारी किशनरावांची मोटार पिंगळीच्या ठेसनावर किल्लीसरशी चालू झाली न्हाई, तर दुकानाची पाटी उतरवीन आन् मेव्हण्याच्या गिरणीवर दळण दळीत बसंन."

मिरच्यांचे वाटे लावणारीपासून दोरखंडवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. दैव असं खट्याळ, की ज्याच्या गिरणीचं नाव निघालं तो मेव्हणा, भुजंग, पिंगळीहून पेंड घ्यायला आलेला आणि दोन पावलांवर उभा. त्यानं चिडवलं नाही, तो हसला नाही. खांद्यावरचं पोतं सारखं करत म्हणाला, "दाजी, मी खाट विणायला टाकतो." त्याच्यापेक्षा शिवी दिली असती तर सटवाजीला जेवण तरी गेलं असतं.

सटवाजीची पाटी म्हणजे एका जुन्या बसच्या पत्र्यावर त्यानंच रंगवलेली अक्षरं. अठरा वर्षं ती त्याच्या डोक्यावर होती. तिच्याखाली बसून त्यानं इंजनं उघडली, बॅटऱ्या भरल्या आणि त्याहून जास्त थापा मारल्या. आता पंचेचाळिसाव्या वर्षी ती उतरवायची, पिंगळीला सासुरवाडीच्या दारात खाट टाकायची आणि आपल्याहून दहा वर्षांनी लहान मेव्हण्याच्या हाताखाली पीठ झटकायचं. घरजावई व्हायला हे वय नव्हे.

हे सगळं ज्या मोटारीमुळे, ती मोटार किशनरावांची. गाव तिला तालुकदारीण म्हणे. निजामाच्या राज्यात एका तालुकदारानं ती विलायतेहून आणवली होती, आणि पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत एक बैलजोडी व एक दुभती म्हैस घेऊन ती किशनरावांच्या वडिलांच्या हवाली करून तो गेला. म्हैस मिळाल्यावर तालुकदार रडला, असं म्हणतात. मोटारीसाठी की म्हशीच्या लाथेमुळे, याबद्दल दोन मतं आहेत. गाडी अशी रुंद, की मागच्या सीटवर बसलेल्या नवराबायकोला एकमेकांशी बोलायला निरोप धाडावा लागे. तिचा हॉर्न ताडकळसला वाजला की बावीस कोसांवरच्या चारठाण्याच्या देवळांतली वटवाघळं उडत. हँडल मारून ती पूर्वी सुरू होई. पण एकदा त्या हँडलानं उलटा झटका देऊन किशनरावांचं मनगट मोडलं, तेव्हा किशनरावांनी ते उचलून चाळीस हात विहिरीत टाकलं. तेव्हापासून किल्ली आणि बॅटरी, नाहीतर माणसं आणि ढकलणं.

मोटार असायची गावाबाहेर किशनरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, बैलांच्या कोठ्याशेजारी स्वतंत्र छपरात. आखाड्यावर राज्य होतं किशनरावांच्या थोरल्या बहिणीचं. नर्मदाआक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या आणि शेती अशी धरली, की बैलसुद्धा त्यांना विचारून रवंथ करत. आक्का हसत नसत. त्यांच्या लेखी हसणं म्हणजे पानसुपारी. पाहुणा आल्यावरच डबा उघडायचा.

पहिल्यांदा बॅटरी उतरली तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, आणि किशनरावांच्या लेकीसाठी, कमलसाठी, सेलूकडचं स्थळ ठरत आलं होतं. सटवाजीला बोलावणं आलं. तो सायकल मारत आखाड्यावर गेला आणि पुढच्या बाजूची, ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या पायाखालची फळी उचलली. तिच्याखाली बॅटरी. मग त्यानं इंजनापाशी कटाऊटचं झाकण काढलं. मोटार थांबली की बॅटरीचा करंट डायनामोत परत जाऊ नये म्हणून दार लावून घेणारा तो एक चिमुकला द्वारपाल. द्वारपालाचे ओठ चिकटून बसले होते. सटवाजीनं कानशीनं घासले, बॅटरी भरून आणून बसवली, काम झालं. तेवढ्यावर उठून आला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण चहा आला.

चहा आला की सटवाजीचं बूच निघायचं. त्या दुपारी त्यानं सांगितलं की हिच्या दिव्यांच्या झोतात एकदा बिबट्या सापडला आणि आंधळा होऊन पुढं भजनी मंडळात गेला. हेही सांगितलं की हिच्या टायरातली हवा अजून तालुकदाराच्या काळातली आहे. किशनराव गुडघ्यावर थाप मारत होते. आक्का कोपऱ्यात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ह्या फळीखालच्या डब्यात काय असतंय, मिस्त्री?"

"आक्का, ती मोटारीची चूल. तिच्यातला इस्तू इझला की सगळं घर उपाशी."

"मंग इझला कामून?"

"एवढी देखणी मोटार, येणारा-जाणारा डोळे फाडून बघतो. नजर लागली, दुसरं काय. रोज सांजच्याला दृष्ट काढा आन् बघा."

किशनराव हसले, सटवाजी हसला. आक्कांनी ज्वारीतला एक खडा उचलून लांब फेकला आणि सटवाजी सायकलवर बसून, शीळ घालत, घरी आला.

पाचव्या दिवशी बॅटरी पुन्हा उतरली.

सटवाजीनं ती नेली, भरली, आणून बसवली. चौथ्या दिवशी उतरली. पुन्हा नेली. तिसऱ्या दिवशी उतरली. सहा व्होल्टची ती बॅटरी म्हणजे मध्यम वासराएवढं वजन, आणि सायकलच्या कॅरियरवर ती बांधली की पुढचं चाक आभाळ बघायचं. रस्त्याच्या प्रत्येक गचक्याला तेजाब सांडे. त्याची बायको सरजाबाई विजारी धुवायला घ्यायची आणि उन्हाकडे धरून बघायची.

"अवो, ही विजार हाय का चाळण?" ती म्हणाली. "हिच्यातून मी रवा चाळू का तुमाला बघू?"

"तेजाब पडतंय त्याला मी काय करू?"

"भुजंग म्हणतंय ते काय खोटं न्हाई. पिठानं कापड नुसतं पांढरं होतंय."

सटवाजीनं बाहेर जाऊन सायकलला लाथ घातली. सायकल त्याच्याच नडगीवर पडली.

त्यातच सेलूचे पाहुणे येऊन गेले. मुलगी पसंत पडली, जेवणं झाली, मुक्काम झाला. सकाळी तालुकदारणीत बसवून त्यांना पिंगळीच्या गाडीवर सोडायचं, असा किशनरावांचा डौल. सगळे बसले. किशनरावांनी किल्ली लावली, बटण दाबलं. आतून म्हाताऱ्या माणसानं कूस बदलल्यासारखा आवाज आला आणि बंद. शेवटी होणारे व्याही खाली उतरले. खळ घातलेलं धोतर, रेशमी काठ, आणि हात मोटारीच्या ढुंगणावर. चार जणांबरोबर त्यांनीही ढकलली. मोटार सुरू झाली ती एकदम, आणि सोग्याचा काठ बंपरात अडकून तो हातभर तिच्याबरोबर पिंगळीला गेला.

व्याही सभ्य माणूस. जाताना एवढंच म्हणाले, "किशनराव, पुढल्या महिन्यात कुंकू लावायला आमी आठ जण येतो. मोटार पाठवा पिंगळीला. ढकलायला माणसं आमी आणतो."

हे वाक्य ताडकळसभर फिरलं, आणि त्याचं शेपूट येऊन सटवाजीच्या पाटीला बांधलं गेलं. कुंकवाचा आईतवार आठवड्यावर आला, त्या बाजारादिवशी किशनराव स्वतः दुकानापुढं आले आणि सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाले, "सटवाजी, तुमच्याच्यानं होत नसंल तर तसं सांगा. परभणीहून माणूस आणतो. लेकीचा विषय हाय, मला राग न्हाई." राग नाही, हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्यावर सटवाजीच्या तोंडातून ते बाजारातलं वाक्य निसटलं.

मग सुरू झाला तो आठवडा.

सटवाजीचे गुरू, परभणीचे महबूब उस्ताद, म्हणायचे, "बेटा, करंट और मेहमान, दोनो बाहर निकलने का रस्ता खुद ढूंडते. तू बस उनके पीछे चल." सटवाजी मागं मागं चालायला लागला. पहिल्या दिवशी त्यानं बॅटरीची तार सुटी करून मध्ये एक छोटा बल्ब जोडला. मोटारीत कुठंही चोरून करंट जात असेल, तर तो या बल्बातूनच जाणार आणि बल्ब पेटणार. छपरात अंधार करून, डोक्यावर पोतं घेऊन तो बल्बाकडे डोळे लावून बसला. बल्ब पेटला नाही. लालसरही झाला नाही. कोंबडीच्या डोळ्यात असते तेवढीही धग त्यात नव्हती.

म्हणजे चोरी नाही. पण दुसऱ्या दिवशी बॅटरी मेलेली.

त्यानं हॉर्नची तार काढली. हॉर्नचा संशय होताच. बॅटरी उतरली. सगळे दिवे काढून ओळीनं जमिनीवर मांडले, तर कोंबड्या त्यात तोंड बघायला लागल्या, बॅटरी उतरली. डायनामो काढला, कटाऊट दुसरा बसवला, वायरी बोट बोट तपासल्या. तालुकदारानं स्वतःच्या हातानं गुंडाळलेली कापडाची पट्टी निघाली, तिच्यात एक वाळलेली पाल निघाली, करंट मात्र कुठून गेला ते निघालं नाही. मोटारीचा आता नुसता सांगाडा उरला होता आणि तोही रात्रीत उपाशी मरत होता.

दर खेपेला फळी उचलली की बॅटरीच्या माथ्यावर पांढरा खार धरलेला. तेजाबाचा खार प्रत्येक बॅटरीवर धरतो, त्यात नवल काही नाही. सटवाजी नेहमीच्या रीतीनं ती दुकानात आणी, आधी खायच्या सोड्याचं कढत पाणी ओतून माथा स्वच्छ धुई, पुसून कोरडी करी, मग भरायला लावी. हात इतका सवयीचा, की डोळ्यांना बोलावणं लागत नसे.

बुधवारी त्याला वाटलं, बॅटरीच नासली असेल. भरून तिला दुकानातल्या फळकुटावर ठेवली आणि गुरुवारी तारा लावून बघितलं. ठिणगी अशी, की मिशीचा एक केस गेला. दुकानात धडधाकट. त्याच दुपारी आखाड्यावर नेऊन बसवली, पण या वेळी त्यानं एक डाव टाकला. बॅटरीला तारच जोडली नाही. नुसती खड्ड्यात ठेवली, फळी लावली, घरी आला.

शुक्रवारी सकाळी फळी उचलून बघितलं. बॅटरी उतरलेली.

सटवाजी मोटारीच्या पायरीवर बसला. तार नाही, दिवा नाही, हॉर्न नाही, काही म्हणजे काही जोडलेलं नाही. घागरीला भोक नाही, कुणी पाणी घेतलं नाही, आणि घागर रिकामी. पंचवीस वर्षांच्या धंद्यात तो जे जे शिकला होता ते सगळं एकेक करून त्याच्यासमोर आलं आणि खांदे उडवून निघून गेलं.

"काय म्हणतीया?" आक्कांनी बादली घेऊन जाताजाता विचारलं.

"काय म्हणायलीय, आक्का. मरायलीय."

"लय जबर हाय म्हणायची," असं काहीसं पुटपुटून आक्का गोठ्याकडे गेल्या. सटवाजीला वाटलं, त्या म्हशीबद्दल बोलायल्यात.

गावात येईपर्यंत बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. हॉटेलात एकानं निकाल दिला की तालुकदाराचा जीव मोटारीत अडकलाय आणि तो बॅटरी पितो. दुसरा म्हणाला, तालुकदार जिवंत असताना काय काय प्यायचा ते आपल्या बापानं डोळ्यानं बघितलंय, त्याच्या मानानं बॅटरी म्हणजे पथ्याचं झालं. एरवी अशा वेळी सटवाजीनं दोघांच्या वरताण थाप ठोकून मैदान मारलं असतं. त्या दिवशी त्याचा चहा बशीत निवला, त्याच्यावर साय धरली आणि तो तसाच उठला. चालता चालता त्याच्या नजरेपुढं भुजंगाची गिरणी आली. पट्ट्याचा फटफट आवाज, दळण घेऊन ओळीनं उभ्या बाया, आणि डब्याशेजारी पांढऱ्या भुवयांचा सटवाजी. एकजण विचारतोय, "मिस्त्री, बॅटरी कशी हाय?" आणि सगळा गिरणीचा ओटा हसतोय.

घरी सरजाबाईनं त्याचं ताट वाढलं आणि आज काहीच टोचून बोलली नाही. त्यानंच तो जास्त खचला.

"सरजे, पाटी उतरवली तर तिचं काय करावं?"

ती भाकरी थापत होती. "चुलीच्या तोंडाला लावू. वाऱ्याला आडोसा लागतोयच." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "पर अजून उतरली न्हाई न्हवं. तुमी दिवसा जाता, मोटार दिवसा गुणाची असतीया. चोर काय मालकासमोर येतंय का?"

सटवाजीनं घास थांबवला. खरंच, तो जायचा सकाळी, यायचा ऊन कलायच्या आत.

शनिवारी त्यानं भरलेली बॅटरी बसवली, दिवे-डायनामो सगळं परत जोडलं, किशनरावांना ऐकू जाईल असं मोठ्यानं "येतो बरं का" म्हणाला, सायकल वळवून ओढ्यात आडवी टाकली आणि मागच्या बाजूनं छपरात शिरून कडब्याच्या गंजीमागं बसला. दुपारभर बसला. कडबा मानेत टोचत होता, पिसवा विजारीच्या भोकांतून आत-बाहेर बाजार करत होत्या. एक मांजर आली, मोटारीच्या टपावर झोपली आणि गेली. एक सरडा आला, स्टिअरिंगवर बसला. करंट पिण्यासारखं तोंड दोघांचंही नव्हतं. उद्या सकाळी मोटार पिंगळीला निघायची होती आणि आपण एका सरड्यावर पाळत ठेवून बसलोय, याची सटवाजीला इतकी चीड आली की तो उठून जायला निघाला.

तेवढ्यात दिवेलागण झाली. छपराच्या दारात उजेड हलला आणि नर्मदाआक्का आत आल्या. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात पितळी ताटली, कमरेला पाण्याचा तांब्या. त्यांनी कंदील मडगार्डवर ठेवला, मोटारीचं दार उघडलं आणि घरच्या कोठीचं झाकण काढावं तशी पायाखालची फळी उचलून बाजूला ठेवली. ताटलीतून मूठ भरून घेतली. मोटारीभोवती हात फिरवत, ठसक्यात म्हणायला लागल्या :

"आल्यागेल्याची, बाजारहाटाची, सेलूच्या इवायाची, ठेसनावरच्या मास्तराची, त्या मेल्या सटवाजी मिस्त्रीच्या हाताची, कुणाची लागली असंल त्याची जळून जाऊ दे."

आणि ती मूठ थेट बॅटरीच्या माथ्यावर सोडली. मग तांब्यातून ओंजळभर पाणी वर शिंपडलं आणि कान खाली नेला.

खड्ड्यातून आवाज आला. चुर्र, चुर्र, चुर्र. मंद, बारीक, तव्यावर जिरं पडल्यासारखा. पाठोपाठ नाकात भरणारा एक उग्र वास.

"बघ, अजून किती हाय," आक्का मोटारीला म्हणाल्या.

सटवाजी गंजीमागून बाहेर आला. केसांत कडबा, मानेवर कोळ्याचं जाळं. आक्का दचकल्या नाहीत. त्यांनी फक्त कंदील उचलून त्याच्या तोंडापुढं धरला.

"तुमी हाव का? मला वाटलं वासरू सुटलं."

सटवाजीनं खड्ड्यात हात घालून माथ्यावरचा पांढरा खार बोटावर घेतला आणि जिभेला लावला. तेजाबाचा खार आंबट असतो, जीभ सोलतो. हा खारट होता. दाढेखाली काहीतरी कटकन फुटलं. मोहरी.

बॅटरीच्या माथ्यावर शिशाच्या उघड्या पट्ट्या, इकडून तिकडं, आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्याचा ओला, सरळ, सडकेसारखा रस्ता. करंटला तारेपर्यंत जायची गरजच काय होती? तो घरातल्या घरातच, अंगणातून परसात, रात्रभर चालत होता. बल्ब पेटणार कुठून. दुकानात टिकणार नाही तर काय होणार. आणि सटवाजी रोज सकाळी सोड्याच्या कढत पाण्यानं तो रस्ता इमानेइतबारे धुऊन काढत होता आणि चोराच्या पावलांचे ठसे स्वतःच्या हातानं पुसत होता.

"आक्का," तो म्हणाला, "हे कवापासून?"

"तुमी सांगितलं त्या दिसापासून. खाडा न्हाई. एकादशीला बी न्हाई."

"मी सांगितलं?"

"मंग कोण? नजर लागलीय, रोज सांजच्याला दृष्ट काढा म्हणालात. किशन हसला. मी न्हाई हसले."

"आवो पण दृष्टीचं मीठ-मोहरी चुलीत टाकतात, आक्का."

"चुलीतच टाकली न्हवं. ह्यो डबा मोटारीची चूल, हे बी तुमीच सांगितलं. माणसाची दृष्ट त्याच्या चुलीत, मोटारीची मोटारीच्या चुलीत. माझ्या चुलीत टाकली असती तर नजर माझ्या घरात शिरली असती."

सटवाजीनं या बोलण्यात कुठं फट सापडते का बघितलं. तालुकदारणीच्या वायरींत त्यानं एवढी बारीक फट शोधली नव्हती. सापडली नाही.

"आन् पाणी?"

"इस्तू इझलेला. मीठ तडतडंना. तडतडल्याबिगर कळावं कसं, नजर किती हाय ते? पाणी शिंपडलं तवा चुरचुरायलं. वास बी सुटला. मी म्हणलं, हां, जबर हाय." आक्कांनी ताटली कमरेवर टेकवली. "पयल्यांदा चिमूट टाकीत व्हते. बाटरी उतरली तशी मूठ केली. इवाई ढकलून गेले तवा दीड मूठ. उद्याच्यासाठी पायली काढून ठेवलीय."

सटवाजी मोटारीच्या पायरीवर बसला. महिनाभरात या पायरीवर तो इतक्यांदा बसला होता की तिथला रंग गेला होता. खरा बिघाड त्यानं पहिल्याच दिवशी, पाव तासात, कानशीच्या चार हातांत काढला होता. त्यानंतरचे सगळे दिवस तो आपल्याच तोंडाशी झगडत होता. मोटार बिचारी निर्दोष. हॉर्नची तर त्यानं उगीच आब्रू घेतली.

मग त्यानं, या खेपेला शब्द मोजून, मिठाचं पाणी काय करतं ते आक्कांना सांगितलं. चूल नाही, इस्तू नाही, उपमा नाही. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. कंदिलाच्या उजेडात त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "इवायाला धोतरावर मोटार ढकलायला मी लावलं?"

बाहेर ओसरीवरून किशनरावांचा खोकला ऐकू येत होता. इथून दहा पावलं जाऊन सटवाजीनं एवढंच सांगितलं असतं, की मालक, तुमच्याच घरातून मीठ पडत होतं, तर उद्या काहीही झालं तरी पाटी जागेवर राहिली असती. ती दहा पावलं त्याच्या पायांत आली. त्यानं आक्कांकडं बघितलं. ज्या बाईनं आयुष्यात कधी एक चुकीचा दाणा सुपात राहू दिला नव्हता, ती ताटली दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होती.

"न्हाई, आक्का. मी लावलं," तो म्हणाला. "तुमी आपलं ऐकलं."

आक्कांनी ताटलीतली उरलेली मीठ-मोहरी पदराला गाठ मारून बांधली.

"किशनला कळायची गरज न्हाई," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडून न्हाई कळणार."

"पर दृष्ट मी सोडायची न्हाई. लेकीचं कुंकू हाय. मीठ कुठं टाकू ते सांगा." त्यांनी कंदील त्याच्या डोळ्यांसमोर आणला. "आन् जपून सांगा."

सटवाजीनं विचार केला. एवढा विचार त्यानं लग्नाला होकार देतानाही केला नव्हता. डायनामो, टाकी, रेडिएटर, सायलेन्सर, एकेक जागा मनात आली आणि प्रत्येकीत मीठ पडल्यावर काय होईल ते त्याला दिसलं. "तिकटीवर," तो म्हणाला. "जिथं तीन रस्ते मिळतात तिथं. मोटार रस्त्याची, तिची नजर रस्त्याला द्या. आन् मोटारीपासून लांब. लय लांब."

आक्कांनी ते तोलून बघितलं, पटलं, आणि फळी जागच्या जागी बसवली.

रविवारी मोटार आखाड्यावरून किल्लीसरशी निघाली, पण त्याचं कौतुक करायला सटवाजीच्या अंगात त्राण नव्हतं. बॅटरी पुन्हा धुऊन, भरून, सकाळी कोंबड्याबरोबर आणून बसवली होती. काही मीठ झाकणाच्या भोकांतून आत गेलं असलं तर तिचा नेम कुणी सांगावा? किशनराव स्टिअरिंगवर, सटवाजी शेजारी, मागं आक्का. पिंगळीपर्यंतचा रस्ता त्यानं डोळे मिटून काढला.

स्टेशनाबाहेर मोटार बंद केली. गाडी लेट. अर्धा तास, मग तास, मग मास्तरनं विचारायचं बंद करा म्हणून सांगितलं. ताडकळसचे दहा-बारा जण दुसरं काही काम निघाल्याचं सांगून तिथं आलेले. भुजंग मात्र सरळ माणूस. तो येऊन दाजींच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "खाट झाली. नव्या सुताची हाय. उशाकडून थोडी ढिली ठेवलीय, तुमची मान दुखतीया म्हणून."

शेवटी गाडी आली. सेलूचे आठ जण उतरले. होणारे व्याही पुढं आले, किशनरावांना भेटले, तालुकदारणीला एक फेरी मारली आणि धोतराचे सोगे वर खोचायला लागले. मागचे सातही जण बाह्या सारत मोटारीच्या मागं जाऊन उभे राहिले.

"बसा तर खरं, इवाई," किशनराव म्हणाले.

"आधी किल्ली लावा. मंग बसू."

किशनरावांनी सटवाजीकडे बघितलं. सटवाजीनं भुजंगाकडे बघितलं. भुजंगानं गिरणीकडे. किल्ली फिरली, बटण दाबलं गेलं.

तालुकदारीण एका दमात अशी गरजली, की मागचे सात जण धुरात दिसेनासे झाले आणि चारठाण्याकडे त्या दिवशी भर दुपारी वटवाघळं का उडाली, याचा उलगडा तिथल्या लोकांना अजून झालेला नाही.

व्याह्यांनी सावकाश सोगे खाली सोडले. "काय बिघाड होता म्हणायचा, मिस्त्री?"

"खार धरला व्हता," सटवाजी म्हणाला. एवढं छोटं आणि एवढं खरं उत्तर त्यानं आजवर कुणाला दिलं नव्हतं. मागच्या सीटवर आक्कांनी खिडकीबाहेर मान फिरवली.

सगळे आत बसले. तालुकदारणीत माणसं मोजायची पद्धत नव्हती, मावत जायची. भुजंगानं दार लावून दिलं, तिच्या चकचकीत नाकावरून हात फिरवला आणि मनापासून म्हणाला, "दाजी, गाडी मात्र लय देखणी केलीत. नजर लागंल बरं कुणाची तरी."

ताडकळसची मंडळी लगेच सरसावली. अशा वाक्यावर सटवाजी काय ठोकतो ते ऐकायलाच ती दोन कोस जास्त चालून येत. सटवाजीनं तोंड उघडलं. आणि मागं, अगदी मानेजवळ, पदराची गाठ सोडल्याचा बारीक आवाज त्याला ऐकू आला.

त्यानं तोंड मिटलं. दोन्ही पाय उचलून शेजारी शेजारी फळीवर घट्ट रोवले आणि ताडकळस येईपर्यंत, वाटेतल्या दोन्ही तिकटी मागं पडेपर्यंत, ते तिथून हलवले नाहीत.